बॅकरा: पान उलटण्याआधीचा हिशेब

बॅकरा हा कॅसिनोतला पत्त्यांचा खेळ, पण त्याच्या टेबलावर खेळणाऱ्याला खेळायला असं काही नसतंच. ब्लॅकजॅकमध्ये आणखी एक पान मागायचं की थांबायचं हे आपण ठरवतो, पोकरमध्ये हात टाकून देता येतो. इथे डीलरने पैजा बंद केल्या की आपलं काम संपलं. तिसरं पान कुणाला जाणार हे नियमांच्या तक्त्यात आधीच लिहिलेलं असतं आणि तो तक्ता डीलरलाही मोडता येत नाही. तरी टेबलाभोवतीची माणसं कपाळाला आठ्या घालून स्क्रीनकडे बघत असतात, कागदावर लाल-निळे गोल काढत असतात. त्यातली बहुतेक मेहनत वाया जाते.

खेळणाऱ्याच्या हातात तीन गोष्टी आहेत: पैसे कुठल्या चौकोनात ठेवायचे, किती ठेवायचे आणि कधी उठायचं. पहिली दोन मिनिटांत शिकता येते. दुसरीला थोडं गणित लागतं. तिसरी गणित येणाऱ्यांनाही जमेलच असं नाही.

खेळ थोडक्यात असा. आठ कॅट एकत्र पिसून ४१६ पानं शूमध्ये, म्हणजे पानं वाटायच्या पेटीत, भरतात. एक्का म्हणजे १, दोन ते नऊ आपापल्या किमतीची, दश्शी आणि चित्रं शून्य. बेरजेतला एकम स्थानचा आकडा तेवढा धरायचा. ७ आणि ८ मिळून १५, म्हणजे हात ५ चा. प्लेअर आणि बँकर या दोन हातांना दोन-दोन पानं पडतात. कुणाकडेही ८ किंवा ९ झाले तर डाव तिथेच संपला. नाहीतर प्लेअर ५ किंवा त्याहून कमी असेल तर तिसरं पान घेतो, ६-७ वर थांबतो. आणि हो, बँकर म्हणजे कॅसिनो नव्हे. ती फक्त दुसऱ्या हाताची पाटी आहे, तिच्यावर कुणीही पैसे लावू शकतो.

बँकरच्या हाताला एक फायदा आहे: तो मागून खेळतो. समजा बँकरकडे ५ आहेत आणि प्लेअरने तिसरं पान घेतलं, ते निघालं चित्र. प्लेअर ५ किंवा त्याहून खाली होता म्हणूनच त्याने पान घेतलं, आणि चित्राने त्याच्यात काही भर घातली नाही. म्हणजे तो अजूनही फार तर ५ वर आहे. बँकर थांबतो, कारण हरणं शक्यच नाही. तेच प्लेअरचं तिसरं पान ४, ५, ६ किंवा ७ असतं तर बँकरने ५ वर पान घेतलं असतं. बँकर ३ वर असताना प्लेअरच्या तिसऱ्या पानाला अठ्ठी आली तरच थांबतो, बाकी कशालाही पान घेतो. ४ वर असेल तर २ ते ७ ला घेतो, ६ वर असेल तर फक्त ६ आणि ७ ला. हा तक्ता पाठ करायची गरज नाही, डीलर सांभाळतो. समोरच्याचं पान बघून मग ठरवण्यातून बँकरला किती मिळतं तेवढं लक्षात ठेवा: बरोबरीचे डाव सोडले तर बँकर ५०.६८ टक्के वेळा जिंकतो, प्लेअर ४९.३२ टक्के. बँकरच्या जिंकीवर ५ टक्के कमिशन कापतात ते याचसाठी.

सगळे डाव धरले तर बँकर ४५.८६, प्लेअर ४४.६२ आणि टाय, म्हणजे बरोबरी, ९.५२ टक्के. यावरून कॅसिनोचा वाटा निघतो. बँकरवर लावलेल्या दर १०० मागे सरासरी १.०६ जातात, प्लेअरवर १.२४. टायला ८ पट देणाऱ्या टेबलावर १४.३६. काही ठिकाणी टायला ९ पट देतात, तिथे हाच आकडा ४.८४ वर येतो. तरीही बँकरच्या चौपटीहून जास्त.

म्हणून "नेहमी बँकर लावा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो अर्धाच खरा आहे. तो खरा ठरायला कमिशन नेमकं ५ टक्केच असावं लागतं, आणि ते नेहमी नसतं.

टेबलावरची सर्वांत लहान चिप काय आहे ते बघा. १० च्या पैजेवर कमिशन होतं अर्धा. अर्ध्याची चिप नसेल आणि टेबल वरच्या आकड्याला पूर्ण करत असेल, तर तुमच्याकडून १ घेतला जातो. हे झालं १० टक्के कमिशन, आणि बँकरवरचा कॅसिनोचा वाटा १.०६ वरून थेट ३.३५ टक्क्यांवर जातो. कमिशन साधारण ५.४ टक्क्यांच्या वर गेलं की प्लेअरचा चौकोनच स्वस्त पडतो. उपाय सोपा: बँकरवर लावायचं तर २० च्या पटीत लावा, कमिशन पूर्ण आकड्यात येतं. तेवढी ऐपत नसेल तर प्लेअरवर लावा आणि विषय संपवा. पैजा बंद व्हायच्या आत डीलरला "कमिशन पूर्णांकात कसं करता?" एवढं विचारायला कुणी हरकत घेत नाही.

दुसरा सापळा "नो कमिशन" पाटीचा. वाचायला बरं वाटतं. तिथला नियम बहुधा असा असतो की बँकर ६ वर जिंकला तर निम्मेच पैसे मिळतात. बँकर ६ वर जिंकतो ५.३९ टक्के वेळा. हिशेब केला तर वाटा होतो १.४६ टक्के, म्हणजे कमिशन भरण्यापेक्षा महाग. अशा टेबलावर प्लेअरच बरा, कारण त्याचे १.२४ टक्के कुठेही बदलत नाहीत. एका प्रकारात मात्र खरंच स्वस्त पडतं: तीन पानांच्या ७ वर बँकर जिंकला तर पैज बरोबरीत सोडतात आणि बाकी सगळ्या जिंकींना पूर्ण पैसे देतात. तिथे बँकरवरचा वाटा १.०२ टक्के. पण त्या टेबलावर नेमक्या त्याच तीन पानी ७ ची वेगळी पैज ठेवलेली असते, ४० पटीची, आणि तिच्यावर ७.६१ टक्के जातात. एका हाताने सूट, दुसऱ्या हाताने वसुली.

बाजूच्या पैजांचं गणित लोक करतच नाहीत, कारण त्यांवर लावलेली रक्कम लहान दिसते. जोडीची पैज घ्या, पहिल्या दोन पानांत जोडी पडली तर ११ पट. पहिलं पान कुठलंही असो, उरलेल्या ४१५ पैकी ३१ पानं त्याच्या जोडीची. म्हणजे ७.४७ टक्के. वाटा १०.३६ टक्के. आता एक तास बघू, साधारण ७० डाव. दर डावाला बँकरवर एक चिप लावली तर सरासरी पाऊण चिप जाते. त्याच्या जोडीला टायवर फक्त एक पंचमांश चिप दर डावाला टाकली, तर त्या चिल्लरीतून तासाला दोन चिप्स जातात. मुख्य पैजेच्या जवळजवळ तिप्पट, आणि तेही "सहज म्हणून" टाकलेल्या पैशांतून.

पैसे जिथून जातात ती जागा म्हणजे उलाढाल. खिशात किती आणले त्यावर वाटा कापला जात नाही, टेबलावरून किती फिरवले त्यावर कापला जातो. चाळीस चिप्स घेऊन बसलेला माणूस चार तासांत २८० चिप्स फिरवतो, कारण तीच चिप पुन्हा पुन्हा चौकोनात जाते. २८० चे १.०६ टक्के म्हणजे तीन चिप्स. चार तासांची ही सरासरी किंमत. पटत असेल तर बसावं, नसेल तर डाव कमी खेळावेत. हळू चालणारं टेबल निवडणं, अधूनमधून डाव सोडणं, हे दिसायला मामुली उपाय आहेत, पण उलाढाल कमी करणारे तेच. सोडलेल्या डावावर कॅसिनोचा वाटा शून्य असतो. अख्ख्या खेळात अशी एवढी एकच जागा आहे.

आता सरासरी झाली, पण कुणी सरासरी घेऊन घरी जात नाही. एका डावातली चढउतार सुमारे ०.९३ चिप धरली, तर २८० डावांत ती साडेपंधरा चिप्स होते. म्हणजे सपाट एक-एक चिप लावणारा माणूस चार तासांनंतर तीनपैकी दोन वेळा साडेबारा चिप्स वर ते साडेअठरा खाली यांच्या मध्ये कुठेतरी असतो. चाळीसेक टक्के वेळा तो फायद्यातच उठतो. बॅकरात पद्धती विकणाऱ्यांचं दुकान चालतं ते या चाळीस टक्क्यांवर. कुठलीही पद्धत घ्या, ती वापरणाऱ्या शंभरांतले चाळीसजण एका रात्रीपुरती तिची साक्ष देतील. हेच १०,००० डाव झाले की सरासरी तोटा १०६ चिप्स आणि चढउतार ९३; तेव्हा फायद्यात असणारा आठात एक.

बैठकीला किती न्यायचं हेही यातूनच निघतं. चार तास बसायचं आणि फक्त २० चिप्स नेल्या, तर वेळ संपायच्या आधीच कफल्लक व्हायची शक्यता सुमारे २५ टक्के. ४० नेल्या तर दोन टक्क्यांच्या आत. म्हणून न्यायची रक्कम आधी ठरवा, तिचे ४० भाग करा, तो एक भाग म्हणजे तुमची चिप. तो भाग टेबलाच्या किमान पैजेहून लहान निघत असेल तर ते टेबल तुमचं नाही. "थोडे जास्तीचे काढू" हा विचार तिथे मनात आला तर तेवढ्यावरच उठावं. आणि ही रक्कम पूर्ण गेली तरी भाडं, हप्ता, फी यांपैकी काही अडणार नाही, अशीच असावी. उसन्या पैशांवर तर मुळीच नको: सव्वा टक्का कॅसिनोचा आणि वर व्याज सावकाराचं, असा दुहेरी वाटा कुठलंही डोकं भरून काढू शकत नाही.

दुपटीची पद्धत, म्हणजे मार्टिंगेल, सगळ्यांना माहीत आहे: हरलो की दुप्पट, जिंकलो की पुन्हा एकवर. "कधीतरी जिंकणारच, तेव्हा सगळं वसूल." बँकरवर ही पद्धत लावणाऱ्यांना कमिशनने काय होतं ते दिसत नाही, म्हणून आकडे मांडतो. पहिली चिप हरली, दुसऱ्यांदा २ लावल्या, जिंकल्या: हाती १.९, आधीची १ गेलेली, निव्वळ फायदा ०.९. तिसऱ्या पायरीला ४ लावून जिंकलं तर फायदा ०.८. चौथीला ०.६. पाचवीला १६ चिप्स लावून फायदा ०.२. सहाव्या पायरीला ३२ लावल्या, जिंकलात, हाती आल्या ३०.४, आधीच्या गेलेल्या ३१. जिंकूनही ०.६ चा तोटा! आठव्या पायरीला १२८ लावून जिंकलं तर ५.४ चिप्स खाली. पाच वेळा हरल्यानंतर या पद्धतीत "वसूल" होणं बंदच होतं.

प्लेअरवर लावलं तर कमिशन नाही, तिथे वसुली होते. पण टेबलाची कमाल मर्यादा येते. किमान एक आणि कमाल दोनशे असेल तर १२८ नंतर पुढची पायरीच नाही, आणि आठ वेळा हरलं की २५५ चिप्स गेलेल्या असतात. सलग आठ हरणं दुर्मीळ वाटतं. एकाच मालिकेपुरतं बघितलं तर ते साधारण २३० मालिकांत एकदाच घडतं. पण एका शूमध्ये ८० च्या आसपास डाव होतात, टाय वगळून ७२. दर जिंकीनंतर नवी मालिका सुरू होते. पूर्ण शूभर ही पद्धत चालवली तर साधारण सात-आठ शूंमागे एकात आठचा घाला बसतो. मधल्या सहा-सात शूंमध्ये तीस-पस्तीस चिप्सची रोजची कमाई होते आणि माणसाला वाटतं, आपल्याला गवसलं. फिबोनाची आणि दालांबेर या याच घरातल्या सौम्य बहिणी. घाला उशिरा बसतो, बसतोच.

वाढवायचंच असेल तर जिंकताना वाढवावं. १-३-२-६ ही त्यातली सर्वांत माफक. पहिली पैज १, जिंकली की ३, मग २, मग ६, आणि कुठेही हरलं की पुन्हा १. पहिलीलाच हरलात तर १ गेली, दुसरीला हरलात तर एकूण २, तिसरीला हरलात तर उलट २ वर, चौथीला हरलात तर बरोबरी, चारही जिंकलात तर १२ वर. प्लेअरवर खेळून चारही जिंकण्याची संधी सुमारे ६ टक्के. वाटा यानेही बदलत नाही. एका फेरीत सरासरी ०.०५ चिप जाते. फरक एवढाच की वाईटात वाईट फेरीत दोन चिप्स जातात, २५५ नाही. ज्याला सपाट पैजेचा कंटाळा येतो त्याच्यासाठी ही ठीक. माझं मत विचाराल तर सपाटच बरी.

आता स्क्रीनवरच्या रस्त्यांबद्दल, म्हणजे झालेल्या डावांच्या निकालांच्या नकाशांबद्दल. मोठा रस्ता म्हणजे एका बाजूच्या सलग जिंकी एका खाली एक, बाजू बदलली की नवा रकाना. त्यावरून आणखी तीन नकाशे काढतात, ज्यांत लाल-निळा रंग बँकर-प्लेअर दाखवत नाही, रकाने एकसारखे पडताहेत की विस्कटताहेत एवढं दाखवतो. रचना सुंदर आहे यात वाद नाही. पण पुढच्या पानाबद्दल त्यात माहिती शून्य. सलग सहा एकाच बाजूला पडले की टेबलाभोवती गर्दी जमते. तशी सहाची रांग साधारण दर तीन शूंपैकी दोनांत कुठेतरी पडतेच. छापा-काटा बहात्तर वेळा उडवला तरी पडेल. रांगेच्या मागे लावलं काय, रांग तुटेल म्हणून उलट लावलं काय, किंमत तीच. रस्ता बघून लावायला मजा येत असेल तर जरूर लावा, फक्त "आता खात्री आहे" म्हणून चिप मोठी करू नका. खात्रीच्या क्षणी मोठी झालेली चिप हीच या खेळातली सर्वांत महाग चूक.

पानं मोजण्याचं काय? ब्लॅकजॅकमध्ये मोजणी चालते हे दाखवून देणाऱ्या एडवर्ड थॉर्प यांनी १९६० च्या दशकात बॅकराही तपासला. मुख्य पैजांवर मोजणीतून हाती लागतं ते इतकं किरकोळ की त्यासाठी शूच्या अगदी शेवटच्या पानांपर्यंत ताटकळावं लागतं, आणि शू संपल्याची खूण असलेलं कट कार्ड त्याआधीच येतं. पानांवरून खरोखर फायदा काढल्याचं गाजलेलं उदाहरण वेगळ्याच वाटेचं. पोकरपटू फिल आयव्हीने २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये सुमारे ७७ लाख पौंड जिंकले ते पानांच्या पाठीवरची नक्षी दोन्ही कडांना सारखी छापलेली नव्हती म्हणून. शुभ मानतो असं सांगून त्याने डीलरकडून ठरावीक पानं फिरवून घेतली. कॅसिनोने पैसे दिले नाहीत आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते नाकारले.

टेबलावर डोक्याचं काय होतं ते बघायचं तर पान हळूहळू दुमडून उघडणारा खेळाडू बघावा. तो पान आडवं धरून लांब कड अंगठ्यांनी किंचित वर करतो. कडेला दोन ठिपके दिसले तर ४ किंवा ५, तीन दिसले तर ६, ७ किंवा ८, चार दिसले तर ९ किंवा १०. एकही नाही तर एक्का, २ किंवा ३. चित्र असेल तर चौकटीची रेघच दिसते. तीन ठिपके दिसले की तो थांबतो, पान वळवतो, मधल्या ठिपक्यावर फुंकर मारतो, सत्ती-अठ्ठी हवी की नको त्याप्रमाणे. पान शूमध्ये शिरलं तेव्हाच ठरलेलं होतं. पण त्या वीस सेकंदांत हाताला वाटतं की आपण काहीतरी केलं. आणि आपण केलं असं वाटलं की हरणं हा अपमान होतो, आणि अपमान भरून काढायला पुढची पैज मोठी होते. फुंकर मारा, हरकत नाही. पुढच्या पैजेचा आकडा मात्र पान उघडायच्या आधी ठरलेला असू द्या.

उठण्याबद्दल लोक "तोट्याची मर्यादा" आणि "फायद्याचं लक्ष्य" सांगतात. दोन्हींनी कॅसिनोचा वाटा तसूभरही हलत नाही. मर्यादेचा उपयोग एवढाच की ती उलाढाल थांबवते, म्हणून ती ठेवावी. लक्ष्य मला तितकंसं पटत नाही, कारण ते गाठायला दोन चिप्स कमी असतील तर माणूस आणखी दोन तास बसतो. त्यापेक्षा शू मोजून बसा: दोन शू, मग उठायचं, वर असा की खाली. नवा शू पिसताना आपोआप सुट्टी मिळते, जागेवरून हलायला तो क्षण सर्वांत सोपा. वेळ वाढण्यात कुणाचं भलं असतं हे कॅसिनोला नीट कळतं. १९९० च्या फेब्रुवारीत जपानचे अकिओ काशिवागी अटलांटिक सिटीतल्या ट्रम्प प्लाझामध्ये ६० लाख डॉलर जिंकून गेले. मे महिन्यात ते परतले तेव्हा कॅसिनोने गणितज्ञाच्या सल्ल्याने बोली अशी ठेवली की आणलेले १ कोटी २० लाख एकतर दुप्पट होईपर्यंत किंवा संपेपर्यंत खेळायचं. दर डावाला दोन लाख डॉलर. सुमारे एक कोटी खाली असताना तो खेळ थांबला. पैजेचा आकार दोन्ही वेळा प्रचंडच होता. दुसऱ्या वेळी कॅसिनोने लांबी मागून घेतली होती.

उठताना दोन कामं असतात. कमिशन दर डावाला कापत नसतील तर ते तुमच्या जागेच्या क्रमांकाखाली साठत असतं. शू संपताना किंवा उठताना डीलर ते मागतो. समोरचा ढीग मोजताना ते आधी वजा करा, नाहीतर फायद्यात आहोत असं समजून शेवटचे चार डाव आपण उगाच मोठे खेळतो. आणि लहान चिप्स डीलरकडेच मोठ्यांत बदलून घ्या, डावांच्या मध्ये, चौकोनापासून लांब ठेवून. चौकोनात पडलेल्या चिप्स डीलर पैज समजतो.